दादाच्या निवृत्तीचं स्क्रॅपबुक

जवाहरनगर
१० सप्टेंबर २०२३

रंजिता,

आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिला.

तू माहा फोन उचलत नाही. मोबाइलवर मले ब्लॉक केलं अन् तुह्या भावाले सांगितलं, वहिनीले काही म्हणायचं असन तर कागदावर लिहून पाठवा म्हणा. म्हणून आमच्या वीरेंद्रच्या कॉलेजच्या वहीचे पानं फाडून बसली आहे. पन्नाशीले आलेली बाई एका कार्डावरून रुसते, हे मी आमच्या आसगावात कधी पाहिलं नाही. तिकडे बायकांले धानाच्या कामातून रुसाले वेळ भेटत नाही.

अन् झालं काय होतं एवढं? वीरेंद्रच्या साखरपुड्याले तू पुठ्ठ्याचं कार्ड पाठवलं, वरून दोरे लोंबत होते. मी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला अन् खाली लिहिलं, 'कबाडीवाल्याकडून शुभेच्छा आल्या.' सगळे हसले. तुह्या भावानंही हसण्याचं चित्र टाकलं. पण ब्लॉक मलेच केलं.

आता कामाचं. हे ३० नोव्हेंबरले फॅक्टरीतून रिटायर होऊन राहिले. हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम आहे. बाजूच्या क्वार्टरातल्या रिताताईनं तिच्या नवऱ्याच्या वेळेस नागपूरहून स्क्रॅपबुक बनवून आणलं होतं, फोटो, फिती, सोनेरी अक्षरं. महिनाभर लाइनीतल्या बायकांले दाखवत होती. मी म्हटलं आपणही नागपूरले देऊ, तर हे म्हणाले, रंजिताकडून करून घे, तिले येते. मी म्हटलं तिले काय येते ते मी पाहिलं आहे. पण ते एकदा बोलले का मंग बोलतच नाहीत, तुले माहीत आहे.

श्रावणभाऊ दर रविवारी क्वार्टरातून पवनीले घरी जातात. त्यांच्याजवळ पिशवी पाठवली आहे. त्यात फोटो आहेत, स्टिकर आहेत, चमकीचा डिंक आहे, रंगीत कागद आहे. जेवढं दिलं तेवढ्यात करजो. तुह्या मागच्या खोलीतला कचरा त्याले लावू नको. माहं नाक कापलं जाईल असं काही करू नको.

शोभा


पवनी
१७ सप्टेंबर २०२३

शोभावहिनी, नमस्कार.

तुमचं अक्षर वीरेंद्रच्या वहीच्या रेघांत मावत नाही. आवाजासारखंच आहे.

पिशवी उघडली. स्टिकर परत पाठवते. त्यात लाल बदाम आहेत, टोपी घातलेली अस्वलं आहेत आणि इंग्रजीत 'माझी लाडकी मैत्रीण' असं लिहिलेली एक पट्टी आहे. साठीच्या माणसाच्या निरोपाला अस्वल लावायचं हे तुम्हाला सुचलं की दुकानदाराला, ते कळवा. चमकीचा डिंक श्रावणभाऊंच्या नातीला दिला. तिचं वय त्याला शोभतं. रंगीत कागदाचा रंग ओल्या बोटाला लागतो, तो ठेवून घेतला, चुलीला होईल.

माझ्याकडे काय आहे ते सांगते, म्हणजे नंतर धक्का नको. मागच्या खोलीत बाबांचा माग होता. माग गेला, पण लुगड्याच्या काठावर नक्षी उठवायला मागावर जे भोकं पाडलेले पुठ्ठे चढवायचे, ते जेकार्डचे पुठ्ठे पोतंभर राहिले आहेत. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, दोऱ्याचे तुकडे आहेत. गल्लीतल्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका आहेत. डिंकाऐवजी चिंचोक्याची खळ लावते, त्यात चिमूटभर मोरचूद घातलं की कीड लागत नाही. याच सामानावर इथल्या दोन शाळांची शिक्षकदिनाची कार्डं मी करून दिली, आणि कोणी हसलं नाही.

आता फोटो. मी ते सगळे जमिनीवर मांडून पाहिले. लग्न, वीरेंद्रचं बारसं, शेगाव, मैत्रिणीकडची मुंज, पुन्हा शेगाव. प्रत्येकात तुम्ही मध्ये आहात आणि दादा कडेला पिशवी धरून उभा आहे. चारपाच फोटोंत तर नुसती पिशवीच आली आहे. निरोप कोणाचा आहे?

मूळ फोटोला मी कात्री लावत नाही. झेरॉक्स काढून चहाच्या पाण्यात बुडवीन, रंग बरा येतो. पण मला माहिती हवी. दादा फॅक्टरीत नक्की काय करतो? त्याला काय आवडतं? कोणाशी त्याचं जमतं? तुम्ही इतकी वर्षं त्याच्यासोबत आहात, एवढं तर सांगता येईल.

हे काम मी दादासाठी करते आहे. एवढं लक्षात असू द्या.

रंजिता


जवाहरनगर
२५ सप्टेंबर २०२३

रंजिता,

ते काय करतात ते मले माहीत नाही. दारूगोळ्याची फॅक्टरी, आतलं बाहेर सांगाले बंदी आहे, अन् ते तर बाहेरचंही आत सांगत नाहीत. सकाळी डबा घेऊन जातात, संध्याकाळी रिकामा आणतात. काय आवडते? जे वाढलं ते खातात. कोणाशी जमते? टीव्हीशी. तू आता त्यांच्यावर कादंबरी लिहू नको. फोटो चिकटव, खाली नावं लिही, झालं.

अन् मी फोटोत मध्ये उभी राहते कारण कोणीतरी मध्ये उभं राहावं लागते. यांच्या घरचे सगळे कडेले उभे राहणारे. तूही तशीच. लग्न करून गेली अन् दोन महिन्यांत माहेरच्या कडेले येऊन उभी राहिली. तुह्यासाठी मले किती लोकांले उत्तरं द्यावी लागली.

आणखी एक. मागच्या खोलीची लांबी-रुंदी कळवजो. वीरेंद्र विचारून राहिला.

शोभा


पवनी
४ ऑक्टोबर २०२३

शोभावहिनी, नमस्कार.

दोन महिन्यांत मी येऊन उभी राहिले नव्हते, तिथून निघाले होते. त्या घरात माझ्या ताटातली भाजी सासूबाई चमच्याने मोजून वाढायच्या आणि नवरा ते बघून पेपर वाचायचा. ज्या माणसाला समोरचं दिसत नाही त्याच्यासोबत राहायचं नाही, हे मला दोन महिन्यांत कळलं. काहींना आयुष्य जातं. त्यानंतर याच घरात बाबांना शेवटपर्यंत मीच पाहिलं. तुम्ही दिवाळीत येऊन त्यांच्या पायांना हात लावून जायच्या. लोकांना उत्तरं द्यायचा त्रास झाला, तर ती द्यायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

कामाचं लिहिते. पानं जाड झाली आहेत. एक जेकार्डचा पुठ्ठा, त्यावर पत्रिकेची कोरी मागची बाजू, त्यावर फोटो. कडेची भोकं मोकळी ठेवून त्यांतून कोशाचा दोरा विणून काठ काढला आहे. दोन पानं श्रावणभाऊंसोबत पाठवते. एक पान सायकलचं आहे. दादा आयटीआयला असताना पवनीहून भंडाऱ्याला सायकलने गेला होता, एकदाच, बसचा संप होता म्हणून. परत आल्यावर दोन दिवस त्याला बसता येत नव्हतं. त्याचा फोटो नाही, म्हणून दोऱ्याची सायकल केली.

दुसरं पान फॅक्टरीचं आहे. ज्या फाटकाच्या आत त्याची चौतीस वर्षं गेली तिथला एकही फोटो असणं शक्य नाही. म्हणून पुठ्ठ्याचं नुसतं बंद दार केलं. ते उघडत नाही. तुम्ही ओढून पाहाल म्हणून आधीच सांगते.

खोलीचं माप सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे. दादाचं सामान ठेवायला हवी असेल तर पुठ्ठ्याचं पोतं मी माळ्यावर चढवीन. दादा निवृत्त होऊन इकडे आला तर मला आनंद आहे. तुम्हीही येणार, हे ओघाने आलंच.

रंजिता


जवाहरनगर
२० ऑक्टोबर २०२३

रंजिता,

पानं पाहिली. दार ओढून पाहिलं नाही. रिताताईनं ओढलं, कोपरा फाटला. पानं परत पाठवून राहिली, डबल लावून देजो.

ती भोकं काहून ठेवली? रिताताई म्हणे, पुठ्ठा उधईनं खाल्ला का हो? मले मान खाली घालावी लागली. चहात बुडवलेल्या फोटोत हे कावीळ झाल्यासारखे दिसून राहिले. यांनी मात्र सायकलचं पान हातात घेतलं अन् जेवण थंड होईपर्यंत पाहत बसले. मंग काही न बोलता परत दिलं. तुले वाटत असन मोठी दाद भेटली. त्यांची ती रोजची रीत आहे, मी वाढलेल्या वरणाकडेही ते तसेच पाहतात.

सोबत एक रंगीत चित्र पाठवून राहिली, ते शेवटच्या पानावर लावजो. वीरेंद्रच्या मित्रानं कॉम्प्युटरवर काढून दिलं. आपलं पवनीचं नवीन घर, वर-खाली दोन मजले, समोर गाडी ठेवाले जागा. मागची खोली काढून तिथं जिना येते. खाली लिहिजो, 'आमचं पुढचं पान.' हॉलमध्ये सगळे पाहतील. पुंडलिकराव मिस्त्री पुढच्या आठवड्यात येऊन जागा मोजून जाईल, त्याले चहा देजो.

यांनी तुले सांगितलंच आहे म्हणून मी जास्त लिहीत नाही. तुह्या सोयीचं मी पाहिलं आहे. आसगावले माही मावशी बेबीबाई एकटी राहते, गुडघ्यानं बसली आहे. तिले सोबत पाहिजे. तुह्या खाण्याराहण्याचा प्रश्न नाही. हक्कसोडच्या कागदावर सही करशील तेव्हा तारीख कळवून देऊ.

शोभा


पवनी
२९ ऑक्टोबर २०२३

शोभावहिनी,

दादाने मला काहीही सांगितलेलं नाही.

चित्र मी आधी पाहिलं, तुमचं पत्र नंतर वाचलं. चित्रात समोर एक मोटार उभी आहे, एक झाड आहे जे या जागेत कधी नव्हतं, आणि गॅलरीत एक गोरी बाई हात दाखवते आहे. ती तुम्ही असाव्यात. मागची खोली शोधली. मग पत्रात जिना वाचला.

पुंडलिकराव काल आले. टेप लावताना त्यांना माझ्या मांडून ठेवलेल्या पानांवरून पाय टाकावा लागत होता. म्हणाले, "बाई, हे उचलून घ्या, मले भिंतीपर्यंत जाऊ द्या." मी विचारलं, "भिंत कोणती ठेवणार?" ते म्हणाले, "एकही नाही. तुम्हाले सांगितलं नाही का? मधुकरराव तर म्हणाले, बहिणीशी बोलणं झालं आहे." मी त्यांना चहा दिला. त्यांची चूक नव्हती.

बाबा गेल्यावर या घरावर दादाचं आणि माझं अशी दोन नावं चढली. आजवर मी त्याचा उल्लेख केला नाही, कारण मला वाटायचं दादा आहे, त्याची काय गरज. आता तुम्ही सहीची तारीख कळवणार, आणि मी तुमच्या मावशीचे गुडघे चोळायला आसगावला जाणार. एवढी व्यवस्था लावताना मला विचारायचं तेवढं राहिलं. वहिनी, मी तुम्हाला नेहमी उथळ समजत आले. तुम्ही कपटीही आहात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटचं पान मी करीन. काम घेतलं आहे. पण सहीबद्दल मी तुमच्याशी बोलणार नाही. दादाने स्वतःच्या हाताने मला चार ओळी लिहाव्यात. फोन नको. तुमच्या पत्राच्या शेवटी 'हेही आशीर्वाद सांगतात' असं नको.

रंजिता


जवाहरनगर
६ नोव्हेंबर २०२३

रंजिता,

तुहं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. म्हणाले, "तूच लिहून दे." मी म्हटलं, तिले तुमच्या हातचं पाहिजे. तर चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा डोळ्यावर होता.

कपटी म्हणून घ्याले मी तुह्या दारी आली नव्हती. मले यांनी पोळ्याच्या दिवशी सांगितलं, "रंजिताशी बोललो, तिची हरकत नाही, आसगावचं तिनंच काढलं." मले वाटलं, चला, पहिल्यांदा हे घरच्या कामाचं काही बोलून आले. आता तू म्हणते सांगितलं नाही. दोघांपैकी एक खोटं बोलून राहिलं. मले विचारशील तर तूच. तुले आयुष्यभर कोणी तरी वाईट पाहिजे असते, म्हणजे तू चांगली दिसते.

अन् उथळ म्हणते तर ऐक. तीस वर्षं मी सरकारी क्वार्टरात राहिली. भिंतीले खिळा ठोकाचा तर विचारावं लागते. रंग त्यांच्या मर्जीचा, नळाची तोटी त्यांच्या मर्जीची. या लाइनीतल्या एकेका बाईनं नागपूरले, भंडाऱ्याले घर बांधलं अन् वास्तूचा पेढा मले आणून दिला. मी तो खाल्ला. आता आम्हाले हे क्वार्टर खाली करून द्याचं आहे अन् माह्या नावाची एक चूल कुठं नाही. तू पुठ्ठे ठेवाले अख्खी खोली वापरते. मले जिना पाहिजे तर मी कपटी.

पान वेळेवर पाठवजो. दिवाळीचं कार्ड पाठवू नको.

शोभा


पवनी
२७ नोव्हेंबर २०२३

शोभावहिनी,

स्क्रॅपबुक श्रावणभाऊंकडे दिलं. जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलं आहे, ओल लागू देऊ नका. दाराला आता आतून दुहेरी पुठ्ठा आहे, रिताताईंना सांगा.

तुमचं एक पान केलं आहे. करायचं नव्हतं. पण मागचं पत्र वाचल्यावर ते राहून गेलं असतं तर मला बरं वाटलं नसतं. क्वार्टरच्या ओट्यावर तुम्ही पापड वाळत घालता आहात, तो माझ्याजवळचा जुना फोटो. त्यात तुम्ही मध्ये नाही आणि कॅमेऱ्याकडे पाहत नाही. तुमचा मला सहन होणारा तेवढाच एक फोटो आहे.

शेवटच्या पानावर तुमचं चित्र लावलं. त्यातली मोटार, झाड आणि बाई मी कापली नाही. 'आमचं पुढचं पान' हे मात्र लिहिलं नाही. चित्राखाली जागा कोरी सोडली आहे आणि दोऱ्याने चौकट विणली आहे. तिथे काय लिहायचं ते दादाने लिहावं. घर कोणाचं, त्यात कोण राहणार, हे त्याला सगळ्यांसमोर लिहिता येत असेल तर मी ते मान्य करीन. मलाही ते वाचायचं आहे.

मी कार्यक्रमाला येत नाही.

रंजिता


जवाहरनगर
३ डिसेंबर २०२३

रंजिता,

झाला कार्यक्रम. शाल, नारळ, घड्याळ. भाषणात एका साहेबानं यांचं नाव दोनदा चुकीचं घेतलं, यांनी दोन्ही वेळेस मान हलवली.

स्क्रॅपबुक टेबलावर ठेवलं होतं. खोटं सांगत नाही, फार कोणी पाहिलं नाही. लोक जेवणाच्या रांगेत होते. रिताताईनं चार पानं उलटवली अन् म्हणाली, "मेहनत दिसते." तिच्या तोंडून हे म्हणजे शिवीच. यांच्या वर्कशॉपमधले दोघं-तिघं सायकलच्या पानावर हसले, त्यांले ती गोष्ट माहीत होती. मले तुही चिठ्ठी येईपर्यंत माहीत नव्हती. तीस वर्षांत मले सांगितली नाही अन् शॉपमध्ये सांगितली.

मंग दुसऱ्या साहेबांनी शेवटचं पान काढलं अन् म्हणाले, "वा, मधुकरराव, इथं तर जागा सोडली आहे तुमच्यासाठी." पेन दिला. माईक होता, तोही तोंडासमोर धरला. मी बाजूले उभी होती. तुह्या त्या दोऱ्याच्या चौकटीकडे पाहत ते उभे राहिले. माह्या मनात आलं, आता हा माणूस काही तरी बोलन. तुह्या बाजूनं बोलला असता तरी मी ऐकून घेतलं असतं, खरं सांगते.

त्यांनी सही केली. 'म. धों. पराते.' खाली तारीख टाकली. जशी रोज हजेरीवर करत होते तशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या अन् ते जेवाले गेले.

घरी आल्यावर मी शाल काढू दिली नाही. विचारलं, "तुम्ही रंजिताले घराचं सांगितलं होतं का नाही?"

"बोलणं राहून गेलं."

"मंग मले काहून म्हटलं का ती हो म्हणाली?"

"ती नाही म्हणाली असती का?"

"अन् आसगाव? ते कोणी काढलं?"

"तूच म्हणत होती ना, मावशीले कोणी पाहिजे म्हणून."

अन् टीव्ही लावला. मी बंद केला. त्यांनी पुन्हा लावला, आवाज कमी करून.

रंजिता, तू मले आवडत नाही. तुहं ते ताठ बोलणं, शुद्ध लिहिणं, चहातले फोटो, काहीच आवडत नाही. पण तुले कपट करून घराबाहेर काढणारी बाई मी नाही. या माणसानं माह्या तोंडून ते करून घेतलं अन् स्वतः जेवाले गेला. हे मी खपवून घेत नाही. तुह्यासाठी नाही, माह्यासाठी.

काय करायचं ते सांग.

शोभा


पवनी
१२ डिसेंबर २०२३

शोभावहिनी, नमस्कार.

पत्र वाचून मी दोन दिवस कात्री हातात घेतली नाही.

ग्रुपवर दादाने ते हसण्याचं चित्र टाकलं होतं, ते मीही पाहिलं होतं. मी स्वतःला सांगितलं, त्याचं बोट चुकून लागलं असेल. त्याच्याबद्दल मी आयुष्यभर हेच करत आले. माझ्या नवऱ्याच्या घरून मी निघाले तेव्हा न्यायला तो आला नाही, बाबा आले. मी म्हटलं, त्याला सुटी मिळाली नसेल. बाबांच्या आजारात तो पंधरा दिवसांनी यायचा आणि खाटेजवळ बसून पेपर वाचायचा. मी म्हटलं, त्याला बघवत नाही. समोरचं न दिसणाऱ्या माणसाला सोडून मी निघाले होते असं तुम्हाला मोठ्या तोऱ्यात लिहिलं, आणि तसाच एक माणूस इथे बाळगून होते. तुम्ही निदान समोरून हसता.

आता स्पष्ट लिहिते. हक्कसोडवर मी सही करणार नाही. पण तुमची चूल अडवायची नाही. वाटणी करा. रस्त्याकडचा भाग तुमचा. मागची खोली, विहीर आणि बोळातलं दार माझं. जिना समोरून घ्या. गाडी बाहेर उभी राहील, या गल्लीत सगळ्यांच्या राहतात. जे काही होईल ते कागदावर, दोन्ही सह्यांनी, आणि दादाला इथे घेऊन या. त्याने सही करायची तर निदान कशावर करतो ते वाचून करावी.

एवढं झालं तर मावशींना सांगा, त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांचं एक कार्ड पाठवते. गुडघे चोळायला येत नाही.

रंजिता


जवाहरनगर
८ जानेवारी २०२४

रंजिता,

वीरेंद्र चिडला. म्हणे, गाडी बाहेर ठेवू तर घर कायले बांधाचं. मी म्हटलं, तू नागपूरले राहते, तुही गाडीही तिथंच राहते, तू चूप बस. नवीन चित्र काढून घेतलं. घर अरुंद झालं. समोरून जिना म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांले दिसन कोण चढून राहिलं. दिसू दे.

हे म्हणतात, "तुम्ही दोघी एक झाल्या, माहं कोण ऐकते." मी म्हटलं, तुम्ही बोलून तर पाहा. चार दिवस माह्याशी बोलले नाहीत. मले फरक समजला नाही.

पुढच्या महिन्यात त्यांले श्रावणभाऊसोबत पाठवते. मी येत नाही. माह्यासमोर ते माह्या तोंडाकडेच पाहतात. एकटे आले तर कागदाकडे पाहतील.

शोभा


पवनी
१९ फेब्रुवारी २०२४

शोभावहिनी, नमस्कार.

वाटणीपत्र झालं. तुमची प्रत दादाजवळ दिली आहे. त्याच्या पिशवीतून लगेच काढून घ्या, नाहीतर ती पिशवीतच निवृत्त होईल.

तो आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "कुठं करायची सही?" मी म्हटलं, "आधी वाच." तो म्हणाला, "तू वाचलं ना, मंग झालं." मी पेन दिला नाही. वकील ताटकळले, श्रावणभाऊ दोनदा चहा पिऊन आले. शेवटी त्याने चष्मा लावला आणि वाचलं. सगळं, ओळीवर बोट ठेवून. मध्ये एकदा विचारलं, "विहीर तुह्याकडे काहून?" मी म्हटलं, "पाणी मी भरते म्हणून." या घराबद्दल त्याने मला इतक्या वर्षांत विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्याला उत्तर दिलं, याचं मला बरं वाटलं. त्याहून जास्त काही वाटलं नाही. तो जाताना मी दारापर्यंत गेले नाही.

पुंडलिकराव उद्यापासून पाया खोदतात. त्यांनी विचारलं, तुमच्या भागात आणि माझ्या खोलीत मधून दार ठेवायचं का, घरची माणसं आहात म्हणून. मी नको म्हटलं. त्यांनी तुम्हाला फोन करून विचारलं तेव्हा तुम्हीही नकोच म्हणालात, आणि वर नऊ इंची भिंत सांगितलीत, असं ते म्हणाले. मी पाच इंची सांगितली होती. तुमचं बरोबर आहे, नऊच घ्या. आपल्या दोघींचं एका गोष्टीवर एकमत व्हायला इतकी वर्षं लागली, तर ती जाडच असू दे.

रंजिता